चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीपर्यंतची सही

नांदेड, देगलूर नाका
११ जानेवारी २०००

विशाखाआक्का,

पत्राच्या वर जे काय नमस्कार-बिमस्कार लिहायचं असतं ते लिहिलंय असं समज. मला त्यातलं शुद्धलेखन येत न्हाई, आन् तू लाल पेन घेऊनच वाचायला बसली असशील. दहावीत दोनदा पडलेल्या माणसाचं पत्र हाय. मास्तरीण म्हणून वाचू नको, बहीण म्हणून वाच.

काम हाय म्हणून लिहायलो. उगी लबाडी कशाला करू.

आप्पा गेल्याला मार्चात वर्ष होईल. तू तेरा दिवस राहिलीस. आईशी बोललीस, आपल्या ड्रायव्हर शंकरप्पाशी बोललीस, गल्लीतल्या शेळीला सुद्धा हाड म्हणलीस. मला तेवढंबी न्हाई. मी पाण्याचा तांब्या आणला की आईच्या हातात द्यायचा, आई तुला द्यायची. तेरा दिवस तांब्याला वळसा पडला.

आता काम सांगतो. आपली मालाची गाडी अजून आप्पाच्याच नावावर हाय. आरटीओच्या दप्तरात आप्पा जित्ता हाय, टॅक्स भरतो, पासिंगला येतो. कारकून म्हणला, "आप्पासाहेब कुठायत, सहीला बोलवा." मी म्हणलं, "भाईर गाडीत बसलेत, पाय दुखतेत." तो म्हणला, "मग मीच येतो." खुर्चीवरून उठला की. मग सांगावं लागलं. लई शिव्या दिल्या त्यानं, पण हासलाबी.

मला दुसरी गाडी घ्यायची हाय. नवी, शोरूमची. तिला फायनान्स करायचं. फायनान्सवाले म्हणतात, आधी एक गाडी तुझ्या नावानं चालती हे दाखव, मग दुसरीचं बोलू. म्हणजे आधी आप्पाची गाडी माझ्या नावावर व्हायला पाहिजे. त्याला वारसांचं संमतिपत्र लागतं. वारस तीन: आई, तू, मी. आईनं अंगठा दिला, माझी सही झाली. राहिली तू.

हे सगळं मला भुजंगनं समजावलं. भुजंग आरटीओच्या भाईर टेबल टाकून बसतो, लोकाचे अर्ज भरतो. त्याच्याजवळ सगळ्या साहेबांच्या शिक्क्याची शाई हाय म्हणतात. फाइल तोच करून राहिलाय.

दुसरी गाडी कामून, असं तू विचारशील. ऐक. नांदेडला रेल्वेनं खत उतरतं, ते मेपासून भोकर, हिमायतनगर, हदगावला पोचवायचं काम हाय. शेठ म्हणला, दोन गाड्या असतील तर तुला देतो, एका गाडीवाल्याच्या भरवशावर मी पेरणी थांबवू का. आन् आपली जुनी तर मेमधी पासिंगला जाणार. शंकरप्पा म्हणतो, हिला पास करायला आता आंधळा साहेब पाहिजे. नवी आली न्हाई तर जुनी भंगारात जाईल, शंकरप्पा उदगीरला निघून जाईल, आन् मी दुसऱ्याच्या गाडीवर फडकं मारणारा किन्नर, क्लीनर. शोरूमचं कोटेशन एकतीस मार्चपर्यंत हाय, एप्रिलात भाव वाढतो.

सोबत बाँड पेपर हाय. पेन्सिलनं फुली मारली तिथं सही कर. एकच हाय. हाताला तरास व्हायचा न्हाई.

आन् हो, ते नाव मी आता घेत न्हाई. आईची शपथ.

तुपला,
आदिनाथ


नांदेड
२८ जानेवारी

आक्का,

पत्र पोचलं की न्हाई? पोचलं असणार. लातूरचा पोस्टमन दुसरं काही वाटतच न्हाई, नुसती क्लासच्या पत्त्यावरची पाकिटं. तुझ्या दारात तर तो रोज येत असेल.

मी रोज भुजंगकडं जातो. तो मान वर करत न्हाई, नुसतं बोट हलवतो, म्हणजे आलं का? मी म्हणतो आज न्हाई. काल हदगावला कापूस टाकून आलो, मधीच गाडी वळवून पुन्हा त्याच्याकडं. बूड टेकत न्हाई माझं. शंकरप्पा म्हणला, "तम्मा, तुझ्या पायात इंजिन चालू हाय, क्लच दाब की." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तो मला अजून तेच म्हणतो. तू म्हणायचीस टारगट.

परवा चासीचा ठसा काढला. फायनान्सला गाडीच्या चासीवरचा नंबर कागदावर उतरवून द्यावा लागतो. गाडीखाली उताणं पडायचं, लोखंडावर कागद धरायचा आन् वरून पेन्सिल घासायची, मग आकडे उमटून येतेत. मी आधी चार आण्याच्या नाण्याचा ठसा काढून दिला. भुजंगनं चष्मा लावून दोन मिनिटं वाचला. मग म्हणला, "ही कोणती कंपनी?"

मग खरा काढायला खाली गेलो. सोळा वर्षांची चासी, आकड्यात गंज भरलेला. पेन्सिल घासता घासता मला एकदम तुझा बोर्डाचा पेपर आठवला. पेन्सिल हातात आली की मला तेच आठवतं. म्हणून तर मी पेन्सिल धरत न्हाई.

तू बारावीला, तुझा उजवा हात प्लास्टरमधी. बोर्ड म्हणलं लेखनिक घ्या, खालच्या वर्गातला पाहिजे, सायन्स कळणारा नको. लातुरात सायन्स न कळणारा मी एकटाच सापडलो, बाकी सगळे डॉक्टर व्हायला आलेले. तू सांगायचीस, मी लिहायचो. तुझ्या तोंडाला जोर, माझ्या हाताला न्हाई. तू म्हणलीस, "हृदयाची आकृती काढ, चार कप्पे." मी काढली. तू वाकून बघितलीस आन् डोळे मिटलेस. आक्का, मला खरंच तेवढंच येत होतं. आप्पाच्या गाडीचं इंजिन मी लहानपणापासून बघितलं होतं, तेच निघालं. दोन नळ्या वर, दोन खाली.

तीन मार्कानं मेडिकल गेलं. ते माझ्या अक्षरानं गेलं असं तू धरून बसलीस. बरोबर हाय. मी माझं अक्षर वाचून बघितलंय.

पण हात मोडला तो काय माझ्या अक्षरानं मोडला का? किल्लारी झाल्यापासून सगळं लातूर भेलेलं. आपण दोघं शिकायला राहायचो त्या भाड्याच्या खोलीतबी तू फळीवर बाटली आन् बाटलीवर स्टीलचा पेला उपडा ठेवलेला. सगळेच ठेवायचे. जमीन हालली की पेला पडणार, पेला पडला की पळायचं. तू म्हणलीस पेला पडला, म्हणून जिन्यावरून पळाले. घरमालकीण वर येऊन बघती तर पेला बाटलीवर जिथल्या तिथं. पेपरात काही आलं न्हाई. शेजारी कुणाला जाणवलं न्हाई. आप्पा म्हणला, "न पडलेल्या पेल्याला भेती, ही पोरगी पेशंटला काय हात लावणार." दुसऱ्या वर्षी बसवायलाबी तो तयार झाला न्हाई.

आन् मी ते नाव पाडलं. पेला मॅडम. नांदेडच्या गल्लीत सगळ्यांनी उचललं. तू बॅग घेऊन गेलीस त्या दिवशी स्टँडवर सुद्धा कुणीतरी म्हणलं. ते माझं चुकलं. कबूल. बाकी भूकंपाचं मी काय करणार.

सही पाठव. फुलीवर.

आदि


नांदेड
१० फेब्रुवारी

आक्का,

आता हे शांतपणानं वाच. वर्गात पोरं असतील तर घरी जाऊन वाच.

संमतिपत्र फायलीला लागलं. तुझी सही झाली.

तू केली न्हाईस हे मला मालूम हाय.

भुजंग म्हणला, "महिना होत आला. फायनान्सचा साहेब म्हणतो फाइल बंद करतो. बहिणीची सहीच पाहिजे ना? मग बहिणीचं काही लिहिलेलं असेल घरी." मी दोन दिवस न्हाई म्हणलं. तिसऱ्या दिवशी आईच्या ट्रंकेतून तुझी बॉटनीची जर्नल काढली, अकरावीची. पहिल्या पानावर तुझी सही हाय. 'वि' ची वेलांटी छत्रीसारखी, मग शाखा, आन् शेवटच्या कान्यापासून एक शेपूट निघून खालून पुन्हा 'वि' पर्यंत येती, पतंगाच्या दोऱ्यासारखी सरळ. काय हात होता तुझा.

मी रद्दीवर चाळीस खेपा केली. आईनं विचारलं, "काय गिरवून राहिलास रे, आता शाळा घालणार का?" मी म्हणलं हाव. शंकरप्पानं मात्र बघितलं. तो कानडी भागातला, लिहिणं-वाचणं त्याला येत न्हाई, पण त्यानं बघूनच ओळखलं. म्हणला, "बेडा तम्मा." म्हणजे नको. एवढंच बोलून तो चाकाचे नट आवळत बसला. आधीच आवळलेले होते.

तरी मी केली. तुझ्या नावानं लिहायची माझी ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला तू सांगितलं ते लिहिलं.

आता ऐक. फायनान्सचे रेणुकादास साहेब तपासणीला लातूरला येणार हायत. सगळ्या वारसांना भेटावं लागतं असा त्यांचा नियम हाय, भुजंगनं मला आधी सांगितला न्हाई. माणूस सरळ हाय, कपाळाला गंध, कुणाचा चहा पीत न्हाई. ते कागद दाखवतील आन् विचारतील, सही तुमचीच का? तू हाव म्हण. बोलायचं नसेल तर नुसती मान हलव. माझ्याशी बोलावं लागत न्हाई त्यात, त्यांच्याशी बोलायचंय.

एवढं एक कर. मग जन्मात पत्र टाकणार न्हाई. न्हाईतर टाकत राहीन बघ, तुझ्या क्लासच्या पत्त्यावर, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून. काय ते तुला माहीत हाय.

न्हाई न्हाई. ते खोडलं समज. खाडाखोड केली की तू मार्क कापतीस म्हणून खोडत न्हाई.

आदि


नांदेड
१९ फेब्रुवारी

आक्का,

रेणुकादास साहेब काल आले. मी भुजंगच्या टेबलाजवळ शेंगा खात उभा होतो. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, बॅगेतून कागद काढला, माझ्याकडं धरला.

"ओळख."

तुझ्या सहीभोवती, म्हणजे माझ्या सहीभोवती, लाल गोल. गोलाच्या खाली दुसरी सही. मी आधी म्हणलं ही कुणाची? 'वि' ची वेलांटी अर्ध्यावर मोडलेली, शाखा तिरपी, डोंगर उतरल्यासारखी. शेपूट न्हाईच. तिथं नुसता एक ठिपका, पेन टेकवून उचलल्यासारखा.

साहेब म्हणले, "तुझ्या बहिणीनं कागद बघितला. वर्ग चालू होता, तिनं पोरांना दोन मिनिटं थांबा म्हणलं. मला म्हणली, लाल पेन आहे, चालेल ना? गोल काढला. मग खाली सावकाश स्वतःची सही केली. मनगट डाव्या हातानं धरून."

मी म्हणलं, "काय बोलली?"

"म्हणली, वरची सही चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीपर्यंत माझी होती." त्यांनी कागद परत घेतला. "चौऱ्याण्णवला काय झालं?"

मी शेंगा खिशात टाकल्या. म्हणलं, "भूकंप."

"भूकंप त्र्याण्णवला झाला," ते म्हणले. "सप्टेंबरात. मी सास्तूरला होतो तवा." मग फाइल माझ्या छातीवर टेकवली. "दुसऱ्यानं हे केलं असतं तर मी पोलिसात दिलं असतं. तुझ्या बहिणीनं नको म्हणलं. नवा कागद आणि नवा अर्ज आण. एकतीस मार्चच्या आत. सही तिनं माझ्यासमोर किंवा वकिलासमोर केलेली पाहिजे. पुन्हा असा कागद आणलास तर ह्या रस्त्यावर कुणी तुला सायकलीलाबी उधार देणार न्हाई."

ते गेल्यावर भुजंग म्हणला, "जुनी सही कामून मारली बाबा, नवी बघून मारायची ना." मी त्याचं टेबल उलटं केलं. शाई सांडली त्याची, सगळ्या साहेबांची.

आता लिहितो. सहा वर्षं झाली, ह्याच आठवड्यात. पंधरा फेब्रुवारी, मंगळवार, चारचा टाइम. पेपरला दोन आठवडे. तू मला भूमिती शिकवायला बसली होतीस, तुझा अभ्यास सोडून. माझं प्रमेय तिसऱ्यांदा चुकलं. तू म्हणलीस हे झाल्याशिवाय उठायचं न्हाई. मी म्हणलं टँकर आला का बघून येतो, घागर लावतो.

संक्रांतीचा मांजा उरला होता माझ्याजवळ. सकाळीच बांधून ठेवला होता, पेल्याच्या खाली बाटलीच्या गळ्याला, खिडकीतून भाईर. तुला पळवायचं आन् भूमिती चुकवायची, एवढंच. दुसरं काही डोक्यात नव्हतं. मी खाली पाण्याच्या ड्रममागं बसलो आन् वढला.

पेला पडला, आक्का. फळीवरून फरशीवर पडला, लई मोठा वाजला, मी खाली ऐकला. बाटली पोत्यावर पडली म्हणून फुटली न्हाई. तू हातात पेन घेऊन पळालीस, लोखंडी जिना, तिसरी पायरी. तू पडल्याचा आवाज आला तवा मी हासत होतो. पडल्यावरबी थोडा येळ हासत होतो. ते मी कुणाला सांगितलं न्हाई, तुला सांगतो.

मग तुझं मनगट बघितलं. सगळे तुझ्याकडं पळाले. मी वर पळालो. मांजा तोडून खिशात घातला. बाटली फळीवर ठेवली, पेला उचलून तिच्यावर उपडा ठेवला, जसा होता तसा. मग मालकीण वर आली आन् म्हणली, पेला तर जागेवरच हाय. मी तिच्या मागंच उभा होतो.

आप्पानं तुला भित्री म्हणलं तवा मी तिथंच होतो. नाव तर मीच पाडलं, म्हणजे कुणी पुन्हा पेल्याचा विचार करू नये.

हे सहीसाठी लिहीत न्हाई. सही नको देऊ. आज मी शंकरप्पाला सांगितलं, उदगीरला जायचं तर जा. तो म्हणला बघू.

आदिनाथ


नांदेड
१५ मार्च

आक्का,

तू तिथंच होतीस, तरी लिहितो. तू सारखी कागदाकडं बघत होतीस. मी काय बघत होतो ते तुला माहीत न्हाई.

तुझं कार्ड आलं, त्याच्यावर एकच ओळ. 'रविवारी दोन वाजता ये, कोरा अर्ज, बाँड आणि काळं पेन आण.' मी आईला दाखवलं. आई म्हणली, "शिव्या न्हाईत का कुठं? मागं बघ." मागं बघितलं. कोरं होतं.

बस नऊलाच निघाली. लातुरात उतरलो तर सगळीकडं पोरांच्या तोंडाचे बोर्ड, खाली मार्क. तुझ्या गल्लीत एका बोर्डावर चौदा तोंडं. मला वाटलं ह्यातल्या किती जणांना हृदय तू शिकवलं असशील.

तू दार उघडलंस, म्हणलीस, "चप्पल बाहेर." सहा वर्षांनी पहिलं वाक्य. मला ते लई बरं वाटलं.

टेबलासमोर मला बसवलंस, तू बाजूला. अगदी बोर्डाच्या पेपरासारखं. तू अर्ज वरून खालपर्यंत वाचलास. मग म्हणलीस,

"म्हणजे पेला पडला होता."

मी म्हणलं, "हाव."

"वाजला होता."

"लई वाजला होता."

तू खिडकीकडं बघितलंस. मी मोजत होतो, भाईर तीन रिक्षा गेल्या. मग तू म्हणलीस, "घरी सांग. आईला. गल्लीत पण." मी मान हलवली. "आता लिही. मी सांगते तसं. खाडाखोड नको."

तू सांगत गेलीस, मी लिहीत गेलो. अर्जदाराचे नाव. वाहनाचा प्रकार. व्यवसायाचा अनुभव. मी म्हणलं, "सहा वर्षं लिहू?" तू म्हणलीस, "लायसन कधीचं आहे?" मी म्हणलं, "दोन वर्षाचं." "मग दोन लिही." जामीनदाराच्या रकान्यापाशी तू थांबलीस. तिथं भुजंगच्या मेव्हण्याचं नाव होतं, तो भाड्यानं जामीन राहतो.

"हा कोण?"

"असाच एक."

"कोरा अर्ज आण म्हटलं होतं. खोड. माझं लिही."

"आत्ताच तू खाडाखोड नको म्हणलीस," मी म्हणलं.

"ही चालेल."

"तू जामीन राहणार? मी पळून गेलो तर?"

तू बघितलंस माझ्याकडं. माझ्या जिभेवर आलं होतं, पळायचं काम तुझं. आक्का, ते मी गिळलं. माझ्या आयुष्यातलं गिळलेलं पहिलं वाक्य हाय ते, अजून घशात हाय. तू ओळखलंस वाटतं, कारण तुझं तोंड थोडं हाललं. मग म्हणलीस, "नवीन गाडी अर्धी मपली, कागदावर नसली तरी." मपली म्हणलीस तू, माझी न्हाई. एवढा येळ आहे, नाही, पाहिजे बोलणारी बाई.

मग खालच्या मजल्यावरचे वकील आले आन् तू सह्या केल्यास. मी बघत होतो ते हे. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं, कोपर टेबलाला टेकवायचं, श्वास घ्यायचा, मग 'वि'. मधी उचलायचं. पुन्हा टेकवायचं. शेवटी जिथं शेपूट असायची तिथं तू हात वर घेतीस आन् ठिपका देतीस. दर सहीला तेवढंच. पाचव्या सहीला तुझ्या कपाळावर घाम आला. मी रद्दीवर चाळीस खेपा केली होती, एका बसणीत, शेंगा खात.

निघताना मी फळीवर बघितलं. अजून हाय. बाटली आन् तिच्यावर पेला उपडा. तोच पेला, बुडाला आईनं टाकलेलं आप्पाचं नाव हाय. आपल्या घरची सगळी भांडी मी ओळखतो. मी दोन तास त्याच्याखाली बसलो होतो आन् माझे दोन्ही हात टेबलावर होते. तू बघितलंस मी कुठं बघतोय. खुर्चीवर चढून तू पेला काढलास, धुतलास, पाणी भरून माझ्या हातात दिलास. मधी कुणी आई-बिई नव्हती. मी सगळं प्यालो. मग पेला कुठं ठेवावा ते मला कळंना. तू म्हणलीस, "ठेव कुठंही."

गल्लीत सांगितलं. सोमवारीच. पारावर उभा राहून, पेला पडला होता, मी पाडला होता. एकानं विचारलं, कोणता पेला? विसरलेत लोक. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. आता मला पाण्याचा तांब्या शंकरप्पाच्या हातून मिळतो.

आता काम. सांडलेल्या शाईचे पैसे भरून फाइल पुन्हा भुजंगलाच देऊन राहिलो तर त्यानं पानं मोजली. जामीनदाराच्या प्रत्येक पानावर सही लागती, आठ पानं. तुझ्या सात झाल्यात. सहावं पान कोरं राहिलं, दोन पानं चिकटून उलटली असतील. भुजंगनं ते पान माझ्यापुढं सरकवलं, पेनाचं टोपण काढून दिलं. म्हणला, "नवी सही समोरच हाय, सात खेपा. एक ठिपका तर द्यायचाय. आज फाइल जाईल, न्हाईतर पुन्हा पोस्ट, पुन्हा वकील, एकतीस उलटंल."

मी टोपण लावून पेन त्याला परत दिलं.

पान सोबत हाय. परतीचं पाकीट, तिकीट लावून, तेबी हाय. फुली मारली न्हाई, जागा तुला माहीत हाय. घाई करू नको, हात दुखत असेल तर दोन दिवस जाऊ दे. एकतीस उलटली तर उलटली, एप्रिलच्या भावानं बघू. मेमधी जुनीलाच रंग मारून पासिंगला नेतो, साहेब आंधळा मिळाला तर मिळाला.

पहिलं खत कुठं पोचवायचं ते शेठनं सांगितलं न्हाई अजून. मी आज तिकीट घेऊन पोस्टातून थेट घरी आलो आन् बसलोय.

आदि